‘विच’च्या आधी काय लावायचं?

मराठी माध्यमातून शिकलेल्या मुलांना मी बरीच वर्षं इंग्रजी शिकवतो आहे. त्यांत कॉलेजातली मुलं असतात, नोकरीला लागलेली असतात, परदेशी निघालेलीही असतात. काळ, वचन, आर्टिकल यांत ती हळूहळू सावरतात. पण ‘मी राहतो ते घर’, ‘ज्यांच्याशी मी बोललो ते साहेब’ अशी वाक्यं इंग्रजीत न्यायची वेळ आली की चांगली तयारीची मुलंही अडखळतात. ‘विच’ आणि ‘हूम’ त्यांना माहीत असतात. त्यांच्याबरोबर ‘इन’ हवं की ‘ऑन’, ‘टू’ की ‘फॉर’, आणि ते प्रिपोझिशन आधी ठेवायचं की वाक्याच्या शेवटी, इथे गाडं अडतं. या एका जागेवर मी वर्गात पुष्कळ वेळ घालवतो, आणि तो घालवायलाच हवा असं माझं मत आहे.

१. आधी आपली मराठी नीट पाहावी.

‘मी राहतो ते घर’ यात ‘घरात’मधला ‘त’ कुठे आहे? कुठेच नाही. मराठी तो गाळते, कारण ऐकणाऱ्याला तो न सांगता कळतो. ‘मी बसतो ती खुर्ची’ यात ‘वर’ नाही, ‘मी लिहितो ते पेन’ यात ‘ने’ नाही. हे आपल्या भाषेचं फार सुंदर लाघव आहे, पण इंग्रजीत ते चालत नाही. मुलं मात्र त्याच घाटाने ‘द हाउस आय लिव्ह’, ‘द चेअर आय सिट’, ‘द पेन आय राइट’ असं लिहून मोकळी होतात. इंग्रजीत ‘द हाउस आय लिव्ह इन’, ‘द चेअर आय सिट ऑन’, ‘द पेन आय राइट विथ’ असंच म्हणावं लागतं. शेवटचा तो छोटा शब्द गेला की वाक्य लंगडं होतं.

उपाय मराठीतच आहे. तेच वाक्य जो-तोच्या वळणाने म्हणून पाहावं: ‘ज्या घरात मी राहतो ते घर’. गाळलेला ‘त’ लगेच परत येतो. ‘ज्या घरात’मधून ‘इन विच’ सरळ निघतं, ‘ज्या खुर्चीवर’मधून ‘ऑन विच’, ‘ज्या पेनाने’मधून ‘विथ विच’. इंग्रजी लिहिताना मराठीत विचारच करू नका, असा सल्ला सर्रास दिला जातो. मला तो पटत नाही. करावा, पण काही न गाळता, प्रत्ययांसकट करावा.

२. प्रिपोझिशन कोणतं, हे क्रियापदाला विचारावं.

जो-तोमुळे काहीतरी गळलंय हे कळतं, पण इंग्रजीत नेमकं काय लागतं ते त्यातून दर वेळी कळेलच असं नाही. ‘ज्याच्याशी तिने लग्न केलं’ यावरून मुलं ‘विथ हूम शी मॅरीड’ लिहितात. ‘ज्या विषयावर आम्ही चर्चा केली’ याचं ‘अबाउट विच वुई डिस्कस्ड’ होतं. दोन्ही चूक. आणि ‘जी गाणी मी ऐकतो’ यात मराठीला काहीच लागत नाही, म्हणून ‘द साँग्ज विच आय लिसन’ येतं. तेही चूक.

इथे मी एकच गोष्ट करायला लावतो: वाक्य तोडा आणि दोन साधी वाक्यं लिहा. ‘शी मॅरीड द बॉय’ यात ‘विथ’ नाही, म्हणून ‘हूम शी मॅरीड’. ‘वुई डिस्कस्ड द सब्जेक्ट’ यात ‘अबाउट’ नाही, म्हणून नुसतं ‘विच वुई डिस्कस्ड’. ‘आय लिसन टू द साँग्ज’ यात ‘टू’ आहे, म्हणून ‘द साँग्ज आय लिसन टू’. ‘ज्या बसची मी वाट पाहत होतो’ यातल्या ‘ची’वरून काहीच कळत नाही, पण ‘आय वॉज वेटिंग फॉर द बस’ लिहिल्याबरोबर ‘फॉर’ हाती लागतं. प्रिपोझिशन ‘विच’ला चिकटलेलं दिसतं म्हणून ते त्याचंच वाटतं. प्रत्यक्षात ते बहुतेक वेळा क्रियापदाने मागितलेलं असतं.

एक नर्स आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेच्या तयारीसाठी यायची. वॉर्डातल्या कामाबद्दल तिने लिहिलं होतं, ‘द पेशंट्स हूज केअर आय वॉज टेकिंग’. मी विचारलं, “मनात मराठीत काय होतं?”

ती म्हणाली, “ज्यांची काळजी मी घेत होते ते पेशंट, सर.”

‘ज्यांची’चं ‘हूज’ आणि ‘काळजी’चं ‘केअर’. शब्दाला शब्द अगदी बरोबर होता, आणि तरी इंग्रज माणूस असं म्हणणार नाही. मी म्हटलं, “आता पेशंटबद्दल साधं वाक्य लिही.” तिने लिहिलं, ‘आय वॉज टेकिंग केअर ऑफ द पेशंट्स’. मग ‘द पेशंट्स’ उचलून पुढे नेलं, बाकीचं होतं तसंच ठेवलं आणि वाक्य झालं: ‘द पेशंट्स आय वॉज टेकिंग केअर ऑफ’. शेवटी एकटंच उरलेलं ‘ऑफ’ पाहून तिला चुकल्यासारखं वाटलं. मराठी माणसाला ते वाटणारच. आपला प्रत्यय शब्दाला चिकटून असतो, तो असा मागे एकटा कधी राहत नाही.

३. काही वेळा मागणी नामाची असते.

गाडी ज्या वेगाने धावते तो वेग म्हणजे ‘द स्पीड ॲट विच’. इथे ‘रन’ या क्रियापदाने ‘ॲट’ मागितलेलं नाही, ते ‘स्पीड’चं आहे. तसंच ‘ईझ’बरोबर ‘विथ’, ‘एक्स्टेंट’बरोबर ‘टू’, ‘पर्पज’बरोबर ‘फॉर’, ‘बेसिस’बरोबर ‘ऑन’, ‘मॅनर’बरोबर ‘इन’. या जोड्या तर्काने सापडत नाहीत. त्या वाचता वाचता वहीत टिपाव्यात, आणि नाम कधी एकटं न लिहिता जोडीनेच लिहावं. सरकारी इंग्रजी वाचणाऱ्याला याचा फार उपयोग होतो. दाखला कोणत्या कारणासाठी हवा, कोणत्या आधारावर अर्ज नाकारला, सगळं ‘फॉर विच’ आणि ‘ऑन विच’नेच लिहिलेलं असतं.

४. शेवटी प्रिपोझिशन आलं म्हणून वाक्य चुकत नाही.

‘प्रिपोझिशनने वाक्य संपवू नये’ हा नियम आपल्याकडे अजूनही ठामपणे शिकवला जातो. त्याचा इतिहास मुलांना सांगावा, म्हणजे त्यांची भीती जाते. कवी जॉन ड्रायडनने १६७२ साली बेन जॉन्सनच्या लिखाणात हा दोष दाखवला. पुढे नाट्यकाव्यावरचा स्वतःचा निबंध १६८४ मध्ये पुन्हा छापताना त्याने आपलीही अशी वाक्यं बदलली. १७६२ सालच्या व्याकरणात रॉबर्ट लाउथने तोल सांभाळला. बोलण्यात आणि घरगुती लिखाणात अशी रचना सर्रास असते, गंभीर लिखाणात प्रिपोझिशन आधी घेतलेलं शोभतं, असं त्याचं म्हणणं. तिला त्याने चूक म्हटलेलं नाही, उलट आपल्या भाषेचा तिकडे ओढा आहे हे सांगणारं त्याचं उपवाक्यच ‘टू’ने संपतं. नंतरच्या शिक्षकांनी त्याची शिफारस उचलून तिचा कायदा केला. १९२६ साली कोशकार फाउलरने हा नियम म्हणजे जपून ठेवलेली अंधश्रद्धा आहे असं स्वच्छ लिहिलं, तरी तो गेला नाही.

तेव्हा मित्राला लिहिताना ‘द मॅन आय स्पोक टू’, आणि कंपनीला पत्र लिहिताना ‘द ऑफिसर टू हूम आय स्पोक’. दोन्ही शुद्ध आहेत. एक पथ्य मात्र कडक आहे: प्रिपोझिशन आधी आलं की पुढे फक्त ‘विच’, ‘हूम’ किंवा ‘हूज’. ‘इन दॅट आय लिव्ह’ होत नाही, आणि ‘टू हू’ लेखी इंग्रजीत टाळावं. प्रिपोझिशन शेवटी असेल तर ‘हू’ चालतं, ‘दॅट’ चालतं, काहीच नसलं तरी चालतं.

५. दोनदा लावू नये. ‘इन विच आय लिव्ह इन’ हे हुशार मुलांच्या वहीत जास्त दिसतं, कारण त्यांना दोन्ही जागा माहीत असतात. ‘व्हेअर’च्या पोटात ‘इन’ असतंच, म्हणून ‘व्हेअर आय लिव्ह’, पुढे काही नाही. ‘विच आय लिव्ह इन इट’ मधलं ‘इट’ही काढावं, त्याची जागा ‘विच’ने आधीच घेतलेली असते.

६. काही ठिकाणी निवड नसते.

‘लुक आफ्टर’, ‘पुट अप विथ’ अशी क्रियापदं फोडू नयेत. ‘द चाइल्ड आफ्टर हूम शी लुक्ड’ हे व्याकरणाच्या हट्टापायी केलेलं इंग्रजी आहे, कानाला ते बोचतं. उलट ‘ड्युअरिंग विच’ शेवटी जात नाही. ‘त्यांना तीन मुलं, त्यांतली दोघं पुण्यात’ यासाठी ‘टू ऑफ हूम’ पुढेच लागतं. हे ‘ऑफ हूम’, ‘ऑफ विच’ आपल्या मुलांच्या लिखाणात जवळजवळ येतच नाही. ती दोन तुटक वाक्यं लिहितात किंवा ‘टू ऑफ देम’ स्वल्पविराम देऊन चिकटवतात. ‘मोस्ट ऑफ हूम’, ‘नन ऑफ विच’, ‘बोथ ऑफ हूम’ एवढे तीन तुकडे जरी हाताखालून गेले, तरी निबंधाचा बाज बदलतो.

७. नोकरीच्या अर्जात हे सगळं एकदम कसाला लागतं.

‘ज्यांच्याकडे मी काम केलं’, ‘ज्यांच्याबरोबर मी काम केलं’, ‘ज्यांच्या हाताखाली मी काम केलं’ ही तीन वेगळी नाती आहेत. मराठीत आपण ती कधी गोंधळत नाही. इंग्रजीत ‘फॉर हूम’ म्हटलं की तो मालक किंवा साहेब, ‘विथ हूम’ म्हटलं की सहकारी, आणि ‘अंडर हूम’ म्हटलं की ज्याच्या देखरेखीखाली काम शिकलो तो वरिष्ठ. मुलं तिन्हीकडे ‘विथ’ लिहितात. मग वीस वर्षं मोठा इंजिनियर वाचणाऱ्याला बरोबरीचा वाटतो, आणि त्याच्याकडून शिकल्याचं मोल अर्जात कुठे दिसतच नाही. म्हणून अर्ज तपासताना मी आधी सगळे ‘हूम’ आणि ‘विच’ शोधायला लावतो. प्रत्येकाखाली मूळचं साधं वाक्य पेन्सिलने लिहायचं: ‘आय वर्क्ड अंडर हिम’, ‘आय वर्क्ड विथ देम’. ते जुळलं की पुढच्या ओळीकडे जायचं.