मेथीच्या दाण्याएवढं कडू

फोटो बघितला गं तुझा. ओट्यावर चिंचेच्या बरणीला टेकून उभी केलेली ती एवढीशी बाटली, आणि खाली तुझा प्रश्न : "ताई, ऑरेंज बिटर्स आणलंय, पण बाटली फार लहान आहे. शनिवारी चौघं येणारेत, पुरेल ना?" मी इतकी हसले की तुझे भाऊजी आतून बघायला आले. पुरेल बाई. वर्षभर पुरेल आणि वर उरेल.

हसले ते तुला नाही, स्वतःलाच. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी ह्यांच्या ऑफिसातली मंडळी घरी आली होती. कुणीतरी परदेशातून अशीच बाटली आणून दिलेली. नावात ऑरेंज आहे म्हणजे स्क्वॅशचाच कुठलातरी प्रकार, अशी माझी पक्की समजूत. प्रत्येक ग्लासात दोन-दोन चमचे ओतलं, वर जिन, वर सोडा, वर पुदिन्याचं पान. एका सद्गृहस्थांनी घोट घेतला, क्षणभर थांबले आणि अगदी आदराने विचारलं, "वहिनी, यात काही औषध आहे का?" मी ओशाळले. नंतर वाचलं तेव्हा कळलं, बिचारा चुकीचं काहीच बोलला नव्हता.

बिटर्स मुळात औषधच. सगळ्यात नावाजलेलं अँगोस्टुरा हे योहान सीगर्ट नावाच्या जर्मन डॉक्टरने 1824 मध्ये व्हेनेझुएलातल्या अँगोस्टुरा गावी तयार केलं. हा बोलिव्हारच्या फौजेतला डॉक्टर, सैनिकांची पोटं ताळ्यावर आणायला कडू अर्क बनवत होता. गावाचं नाव पुढे बदलून सियुदाद बोलिव्हार झालं, कारखाना 1875 मध्ये त्रिनिदादला गेला, पण बाटलीवर जुन्या गावाचं नाव तसंच राहिलं. या अर्कांना कडूपणा बहुतेक वेळा जेंशियन नावाच्या मुळीतून येतो. युरोपातल्या डोंगरांवर उगवणारी वनस्पती. आता गंमत ऐक. आपलं काडेचिराईत याच कुळातलं! ताप आला की आजी नाक दाबून पाजायची ते. म्हणजे तुझ्या त्या देखण्या बाटलीची आणि आजीच्या काढ्याची भाऊबंदकी आहे.

तर किती घालायचं? लिंबाच्या लोणच्यात आपण मेथी घालतो ना, तेवढं. मेथी घातलीय हे खाणाऱ्याला कळता कामा नये, पण नाही घातली तर लोणचं नुसतं आंबट-खारट लागतं, त्याला अंग येत नाही. आणि चमचाभर जास्त पडली की अख्खी बरणी वर्षभर कडू. एका ग्लासाला एक किंवा दोन डॅश, बास. डॅश म्हणजे बाटली उलटी करून एकदा झटकली की जेवढं पडतं तेवढं, साधारण एक मिलीच्या आतच. प्रत्येक बाटलीचं तोंड वेगळं असतं, म्हणून पहिल्यांदा ग्लासात नको, चमच्यात झटकून बघ.

त्याआधी अजून एक कर. एक थेंब तळहातावर घे, दुसऱ्या हाताने चोळ आणि ओंजळ नाकाशी ने. आधी संत्र्याची साल येते, नखाने सोलताना उडते ना तशी. मग वेलची, धणे, असं काहीतरी मसाल्याच्या डब्यातलं. मग जिभेचं टोक लाव, आणि पाठीमागून कडू येईल, हळूच, उशिरा. आपल्याला हवाय तो हाच उशीर. गोड आणि आंबट लगेच बोलून मोकळे होतात. कडू मागे रेंगाळतं, म्हणून पुढचा घोट घ्यावासा वाटतो.

शनिवारसाठी माझं ऐकशील तर एकच गोष्ट कर, पण नीट कर. डार्क रम 60 मिली. गुळाचा पाक एक छोटा चमचा. गूळ आणि गरम पाणी सम प्रमाणात, गाळून, गार करून. नुसता गुळाचा खडा टाकू नकोस, थंड दारूत तो विरघळत नाही, तळाशी बसून राहतो. दोन डॅश बिटर्स. मोठे बर्फाचे खडे, आणि चमच्याने अर्धा मिनिट सावकाश ढवळ. हलवायचं नाही, ढवळायचं. झालं. 1806 साली न्यूयॉर्क राज्यातल्या हडसन गावातल्या एका वर्तमानपत्राने कॉकटेल म्हणजे काय ते छापलं होतं : दारू, साखर, पाणी आणि बिटर्स. तुझ्या ग्लासात नेमकं तेवढंच आहे, पाणी बर्फाचं. फळांचे तुकडे आणि कागदी छत्र्या ही नंतरची थेरं.

जिनवाल्यांना मार्टिनी हवी असेल तर ऑरेंज बिटर्सची खरी जागा तीच. जुन्या मार्टिनीत तो एक डॅश असायचाच. मग 1920 मध्ये अमेरिकेत दारूबंदी आली, 1933 ला ती उठली, पण ऑरेंज बिटर्स हळूहळू लोकांच्या विस्मरणात गेलं. गॅरी रीगन नावाच्या बारटेंडर-लेखकाने स्वतःच्या कृतीचं बिटर्स 2005 च्या सुमारास बाजारात आणलं, अँगोस्टुरानेही पाठोपाठ संत्र्याचं काढलं, तेव्हा कुठे ते पुन्हा बारच्या फळीवर दिसू लागलं. जिन-टॉनिकमध्ये मात्र हात आखडता घे, टॉनिकमध्ये कोयनेलचा कडूपणा असतोच. आणि उर्राक नावाची काजूची दारू लिम्का-मिरचीबरोबर पितात त्यात तर काहीच घालू नकोस. गोव्यातल्या माणसांनी ते गणित आधीच सोडवलंय.

एक आतली गोष्ट सांगते, आईला सांगू नकोस. हल्ली पार्टीत मी बहुतेक वेळा नुसता सोडाच पिते. उंच ग्लास, बर्फ, लिंबाची फोड, तीन-चार थेंब बिटर्स. रंग येतो, वास येतो, कुणी "अगं, तू काहीच घेत नाहीस?" म्हणून मागे लागत नाही. दुसऱ्या दिवशी डोकं जागेवर. पण त्यात दारू अजिबात नाही असं समजू नकोस. अँगोस्टुराच्या बाटलीत 44.7 टक्के अल्कोहोल असतं. ग्लासभर सोड्यात ते नावापुरतं उरतं, तरी जी दारूला शिवत नाही किंवा जिला दिवस गेलेत, तिला न सांगता देऊ नकोस. आणि परवाना काढलायस ना? महाराष्ट्रात घरी बसून प्यायलाही तो लागतो, कडक दारूला वय 25 पूर्ण हवं. तुझ्याकडे येणाऱ्यांत तो धाकटा दीर आहे, म्हणून आठवण केली.

घरी बिटर्स करून बघायचं तुझ्या डोक्यात येणार, मला माहितीये. कर. संत्र्याची साल आतला पांढरा भाग खरवडून सावलीत वाळव. नागपुरी संत्र्याची साल सैल आणि मऊ, सोलणीने नीट निघत नाही, हातानेच सोलून मग खरवडावी लागते. मूठभर साल, दोन वेलच्या, अर्धा चमचा धणे, 200 मिली व्होडका, काचेची बरणी. आठवडाभर रोज एकदा हलव. काडेचिराईताच्या दोन-तीन काड्या शेवटच्या दिवशी टाक आणि दुसऱ्या सकाळी काढ, नाहीतर पुन्हा ते वहिनी-औषध प्रकरण. साखरेची औषधं घेणाऱ्या पाहुण्यांना हे देऊ नकोस, काडेचिराईत साखर उतरवतं. आणि व्होडका संपली म्हणून कपाटातलं सर्जिकल स्पिरिट वगैरे चुकूनही ओतायचं नाही. हे मी दटावून सांगतेय.

माझी बरणी मी मेतकुटाच्या डब्याशेजारी ठेवली होती. आई राहायला आली होती तेव्हा तिने झाकण उघडलं, हुंगलं, माझ्याकडे बघितलं. माझ्या पोटात गोळा. मग म्हणाली, "एवढी चांगली साल भिजवून वाया घालवलीस? दिवाळीच्या उटण्याला ठेवायची होती."