जुना ट्रॅक्टर भंगारात घालण्यापूर्वी



गळीत हंगाम संपला की आपल्या भागात दोन प्रकारची माणसे गावोगाव फिरू लागतात. एक पाहुणे, लग्नाच्या पत्रिका घेऊन. आणि दुसरे भंगारवाले, वजनकाटा घेऊन. पाहुण्यांबद्दल आम्हाला काही लिहायचे नाही. भंगारवाल्याला 'हो' म्हणण्यापूर्वी काय पाहावे, एवढ्यापुरताच हा लेख आहे.

लातूर जिल्ह्यातल्या आमच्या एका सभासदाच्या शेतात लिंबाखाली एचएमटी २५११ ट्रॅक्टर बारा वर्षे उभा होता. वडिलांनी तो भूविकास बँकेचे कर्ज काढून घेतलेला. मुलाने नवा मोठा ट्रॅक्टर आणला आणि जुन्यावर आधी कोंबड्या बसू लागल्या, मग वेल चढला. सौदा ठरला, काटा आला, आणि म्हातारे बाबा बाज सोडून उठले. "वजनावर इकायला ती काय तूर हाय का?" एवढेच बोलले आणि ट्रॅक्टरच्या सीटवर जाऊन बसले. मुलगा चिडून आमच्याकडे आला : "साहेब, तुम्हीच सांगा त्यांना समजावून." आम्ही समजावायला गेलो, आणि म्हाताऱ्याच्या बाजूचे होऊन परत आलो. त्यानंतर वर्षभर दर रविवारी आम्ही चारपाच जण तिथे जात होतो. त्यात जे शिकलो, आणि ज्या चुका केल्या, त्या इथे मांडतो.

आधी थोडी माहिती. भारतात बांधलेला पहिला ट्रॅक्टर १९५९ साली फरीदाबादला आयशरने बाहेर काढला. १९६३ मध्ये महिंद्राने इंटरनॅशनल हार्वेस्टर या अमेरिकन कंपनीशी भागीदारी केली, त्यातून आपल्याकडे बी-२७५ आला. हिंदुस्थान मशीन टूल्स, म्हणजे घड्याळवाली एचएमटी, हिने चेकोस्लोव्हाकियाच्या झेटर कंपनीच्या सहकार्याने १९७१ पासून हरियाणातल्या पिंजोरला ट्रॅक्टर बांधले. १९७४ मध्ये पंजाबातून स्वराज ७२४ आला. हे बहुतेक वीस-पंचवीस ते पस्तीस अश्वशक्तीचे. आजच्या मानाने लहानच. पण नांदेडकडे अर्धापूरच्या केळीत किंवा आपल्या उसाच्या सऱ्यांत अंगावर न येता फिरेल असे ते यंत्र.

हा नाद आपलाच आहे असेही नाही. अमेरिकेत घराभोवतीच्या बागेसाठी छोटे ट्रॅक्टर निघाले होते. व्हील हॉर्स कंपनी १९४६ ची, कब कॅडेट १९६१ चा, जॉन डिअरचा ११० हा १९६३ चा. तिकडचे लोक आज हे जुने ट्रॅक्टर हौसेने खोलतात, जुळवतात, जत्रेत आणतात. इंग्लंडात फर्ग्युसनच्या राखाडी टीई-२० वर तर लोकांचा जीवच आहे. आपण आज तीन टेकूंवर नांगर उचलतो ती हायड्रॉलिकची रीत त्याच फर्ग्युसनने घरोघर पोचवली. तिथे बागेचा ट्रॅक्टर, इथे बापाचा ट्रॅक्टर, एवढाच फरक.

आता काम. पहिला नियम : चालू करून बघायचा मोह टाळा. हे आम्ही शहाणपणाने सांगत नाही, अनुभवाने सांगतो. तो पुढे येईल.

आधी डिपस्टिक काढून ऑइल बघा. दुधाळ, ताकासारखे दिसले तर त्यात पाणी गेले आहे. तळाचा नट हळूच ढिला करा; पाणी जड असल्यामुळे आधी तेच बाहेर येते. आमच्या ट्रॅक्टरमधून तांब्याभर पाणी निघाले. सायलेन्सरचे तोंड बारा पावसाळे उघडे होते, दुसरे काय होणार?

इंजिन हाताने फिरते का बघा. फिरत नसेल तर दुसऱ्या ट्रॅक्टरला दोर बांधून ओढायची कल्पना कोणीतरी मांडतोच. ऐकू नका. पिस्टन लायनरला गंजून चिकटलेला असताना ओढले तर कनेक्टिंग रॉड वाकतो, रिंगा तुटतात, आणि हजारांचे काम लाखाकडे जाते. नोझल काढा, त्या भोकातून डिझेल आणि इंजिन ऑइल निम्मेनिम्म करून थोडे थोडे ओता, आणि घरी जा. दुसऱ्या रविवारी फ्लायव्हीलच्या दात्यांना पहार लावून किंचित पुढे, किंचित मागे असे हलवा. आमच्याकडे चौथ्या रविवारी हलले. बाबा तेव्हा म्हणाले, "झोपेतून उठतंय, दमानं घ्या." मोकळे झाल्यावरही नोझल बाहेर ठेवूनच चारसहा फेरे द्या, म्हणजे आत साचलेले तेल बाहेर उडेल. तेल दाबले जात नाही. ते आत राहून सेल्फ मारला तर पुन्हा रॉडच वाकायचा.

डिझेलची टाकी उतरवून धुवा. तळाशी डांबरासारखा गाळ असतो. फिल्टर नवे घाला. मग हवा काढायची : आधी फिल्टरचा स्क्रू, मग पंपाचा, शेवटी नोझलच्या नळीचा नट, या क्रमाने. नोझलमधून फवारा येतो का ते बघताना समोर हात धरू नका. त्या दाबाचे डिझेल कातडी फोडून आत जाते. वरून टाचणी टोचल्यासारखे दिसते, आतून हात सडतो. असे झाले तर हळद लावून बसू नये, ताबडतोब मोठ्या दवाखान्यात जावे.

आता आमची चूक. इंजिन मोकळे झाले, डिझेल आले, आणि आम्हाला दम निघेना. बॅटरी लावून सेल्फ मारला. दोनतीन उचक्या देऊन इंजिन सुरू झाले. टाळ्या पडल्या. पण आवाज वाढतच गेला. थ्रॉटल मागे घेतला, काही नाही. बंद करायचा नॉब ओढला, काही नाही. पंपातली डिझेल कमीजास्त करणारी पट्टी बारा वर्षांत जागेवर धरली होती, पूर्ण डिझेल सोडण्याच्या जागी, आणि आम्ही ती तपासलीच नव्हती. टाकीचा कॉक बंद केला तरी फिल्टरमधले डिझेल संपेपर्यंत इंजिन पळणार. ट्रॅक्टर थरथरत होता, बाबा जवळ उभे होते, आणि आम्ही जाणते म्हणवणारे चौघेही मागे सरलो होतो. त्यांच्या नातवाने, कॉलेजात शिकणाऱ्या पोराने, बाजूला पडलेला जेवायचा लाकडी पाट उचलला आणि हवेच्या पाइपाच्या तोंडावर दाबून धरला. हवा तुटली, इंजिन बंद पडले. त्या शांततेत आम्ही कोणाच्या तोंडाकडे बघावे हे कळेना. इंजिन फुटले असते तर लोखंडाचे तुकडे कुठे गेले असते?

म्हणून लक्षात ठेवा : सुरू करण्यापूर्वी पंपाच्या बाजूचे झाकण काढून पट्टी बोटाने सरकते का बघावे. आणि पहिल्यांदा सुरू करताना एक माणूस सपाट फळी घेऊन हवेच्या पाइपापाशी उभा ठेवावा. चिंधी किंवा पोते नको, ते इंजिन ओढून घेते. हाताचा पंजाही नको.

गंजाबद्दल एक गोष्ट, खास साखर कारखान्याच्या माणसांसाठी. गंजलेले नटबोल्ट, कड्या, पट्ट्या मळीच्या पाण्यात गंज सोडतात. एक भाग मळी, नऊ भाग पाणी, प्लास्टिकच्या पिंपात पंधरा दिवस. मग धुऊन लगेच तेलाचा हात. चांगले लोखंड बहुतेक तसेच राहते, गंज तेवढा सुटतो. मात्र ॲल्युमिनियमचे किंवा जस्ताचे भाग त्यात घालू नका, खाऊन जातील, स्प्रिंगही नको. वास येतो, माशा येतात, तेव्हा पिंप घरापासून लांब. आणि मळीवर राज्य उत्पादन शुल्क खात्याचे नियंत्रण आहे, म्हणून कृपा करून बादली घेऊन आपल्या टाकीवर येऊ नये. पशुखाद्याच्या दुकानात मिळाली तर तीच आणावी.

रंग सगळ्यात शेवटी. बरेच जण आधी रंग मारतात आणि मग दोन वर्षे ट्रॅक्टर नवरदेवासारखा नुसताच उभा. चेसिस नंबरची पट्टी घासू नका, रंगाखाली बुजवू नका. खोलताना प्रत्येक टप्प्यावर मोबाइलवर फोटो काढा आणि सुटे भाग डब्यांत घालून डब्यावर नाव लिहा. आम्ही लिहिले नाही. एक वॉशर आजही आमच्या टेबलावर आहे आणि तो कुठला हे कोणालाच ठाऊक नाही.

सुट्या भागांची अडचण खरी आहे. पिंजोरचा ट्रॅक्टर कारखाना बंद करण्याचा निर्णय केंद्राने २०१६ मध्ये घेतला. तेव्हा जुन्या मिस्त्रींशी ओळख ठेवा, आणि त्याच जातीचा दुसरा मोडका ट्रॅक्टर कुठे दिसला तर डोळ्यांआड करू नका. खर्चाचेही झाकून ठेवत नाही : भंगारवाला जेवढे देत होता त्याहून जास्त पैसे आमच्या सभासदाचे गेले. व्यवहार म्हणून हे परवडत नाही. छंद आहे.

कागदांचे म्हणाल तर ट्रॅक्टरची नोंदणी पंधरा वर्षांची असते, पुढे तपासणी करून पाच-पाच वर्षांनी वाढते. २०२१ साली पन्नास वर्षांवरील गाड्यांसाठी वेगळी नोंदणी आली, पण ती दुचाक्या आणि मोटारींसाठी आहे, ट्रॅक्टरला लागू नाही. भंगारातच द्यायचा ठरला तरी आरटीओत नोंद रद्द करून घ्या, नाहीतर तुमचा नंबर दुसऱ्याच्या गाडीवर फिरेल.

एक गोष्ट आग्रहाने सांगतो. असा ट्रॅक्टर ऊस वाहतुकीला लावू नका. दोन ट्रॉल्या भरून उतारावर जुने ब्रेक धरत नाहीत, आणि पुढे रस्त्यावर शाळेची पोरे असतात. पीटीओच्या शाफ्टवर झाकण नसेल तर आधी ते बसवा. धोतराचा सोगा किंवा साडीचा पदर त्यात गेला तर ओरडायलाही वेळ मिळत नाही.

जपणूक सोपी आहे. महिन्यातून एकदा अर्धा तास चालवा, तोही हलक्या कामाला लावून. दोन मिनिटे सुरू करून बंद केले तर आत पाणी धरते, ते न केलेले बरे. पावसाळ्यापूर्वी टाकी भरून ठेवा, रिकाम्या टाकीत दव साचते. रेडिएटरमध्ये बोअरचे खारे पाणी नको, पावसाचे साठवलेले पाणी आणि कूलंट घाला. सायलेन्सरवर डबा उपडा घाला. उंदीर वायरी खातात आणि कुंभारमाशी बारीक भोकांत मातीचे घर करते, दोन्हीकडे लक्ष हवे.

येळवशीला बाबांनी ट्रॅक्टर स्वतः शेतात नेला. मागे ट्रॉली नव्हती, नुसते आंबिलीचे मडके घेऊन नातू मडगार्डवर बसला होता. हायड्रॉलिकमधून अजून तेल गळते. सील मिळाली आहेत, पण कामाचे दिवस आहेत. आता हंगाम संपल्यावरच खोलू. ज्यांच्याकडे असा ट्रॅक्टर उभा असेल त्यांनी त्या रविवारी यावे. जेवण बाबांकडे आहे.