पावसाळ्यात घरशाळेचं सामान

प्रश्न : आम्ही खंडाळ्यात राहतो. दोन्ही मुलं घरीच शिकतात. जूनपासून वह्या सादळतात, पुस्तकांना बुरशी लागते. वर्षाचं सामान एकदम भरावं का?
– एक पालक

उत्तर : मुळीच नको. लोकलनं पुणं गाठलं की अप्पा बळवंत चौकात सगळं मिळतं. मेमध्ये दसऱ्यापर्यंत पुरेल एवढंच घ्या. बालभारतीची पुस्तकं तर संकेतस्थळावर फुकट आहेत. हवी तेवढीच पानं छापा.

हवेतली आर्द्रता सतत ७० टक्क्यांच्या वर राहिली की कागदाला बुरशी धरते. घाटमाथ्यावर पावसाळाभर तीच स्थिती असते. म्हणून उघडी शेल्फं, फोटोत कितीही देखणी दिसोत, चार महिने विसरा. घट्ट झाकणाचे डबे घ्या आणि ते मेच्या कोरड्या हवेतच भरा. ओलसर कागद आत कोंडला तर नुकसान जास्त. प्रत्येक डब्यात सिलिका जेलची पुडी टाका. रंग बदलणारं हवं असेल तर नारिंगी घ्या. निळ्यात कोबाल्ट क्लोराइड असतं, ते मुलांच्या हाती नको.

कपाट बाहेरच्या भिंतीपासून चार बोटं दूर ठेवा. रोजच्या वह्या-रंगपेट्या मात्र एका टोपलीत, हाताशी. त्या सादळल्या तर सादळू देत.