गॅस संपत नाही गं, गळतो

एप्रिल उजाडला की तुझं सुरू होतं, "ताई, एसी गार करत नाही, गॅस भरून आणते." अगं, जरा दम धर. बारा-पंधरा वर्षांच्या गाडीचा एसी रुसला की बरेच जण डोळे झाकून गॅस भरून देतात. पण गॅस काही पेट्रोलसारखा जळून संपत नाही. बंद नळ्यांमधून तोच तो फिरत राहतो. जुन्या गाडीत रबरी पाइपांतून, कॉम्प्रेसरच्या सीलमधून काही वर्षांत थोडा झिरपतो, ते चालायचंच. पण गेल्या उन्हाळ्यात भरलेला या उन्हाळ्यात नाहीसा झाला, तर कुठेतरी लीक आहे हे नक्की समज. लीक न काढता भरलेला गॅस म्हणजे फुटक्या माठात ओतलेलं पाणी.

मुळात दुखणं गॅसचंच आहे का, तेही आधी बघ. हवाच कमी येतेय? मग केबिन फिल्टर काढून बघ, धुळीने गच्च भरलेला असेल. रस्त्यावर गार आणि सिग्नलला थांबलं की कोमट? बॉनेट उघडून एसी लाव आणि कंडेन्सरचा पंखा फिरतोय का ते लांबूनच पाहा. कॉम्प्रेसरचा क्लच 'टक्' करून लागला नाही, तर आधी फ्यूज आणि रिले तपासायला सांग. गॅस फारच कमी झाला तरीही तो लागत नाही, हेही ध्यानात ठेव. दहा मिनिटं एसी चालव, इंजिन बंद कर आणि लगेच एसीच्या जाड पाइपाला हात लाव. तो गार लागायला हवा, दमट हवेत तर त्याला घामही फुटतो.

लीकची खूण कधी कधी डोळ्यांनाच दिसते. गॅसबरोबर कॉम्प्रेसरचं तेलही बाहेर पडतं, त्यावर धूळ बसते आणि पाइपाच्या सांध्यापाशी काळपट, चिकट डाग धरतो. तसा डाग दिसला तर मेकॅनिकला बोट ठेवून दाखव. नाहीच दिसला, तर नायट्रोजनचं प्रेशर देऊन साबणाचं पाणी लावायला सांग. डॅशबोर्डमागची कूलिंग कॉइल गळत असेल तर काम मोठं आहे, पण ते टाळून चालत नाही.

लीक काढल्यावर व्हॅक्यूम. इथे घाई करू देऊ नकोस, किमान अर्धा तास पंप चालायलाच हवा. आत ओलावा राहिला तर एक्स्पान्शन व्हॉल्व्हमध्ये त्याचा बर्फ होतो आणि एसी मधेच गार, मधेच गरम करतो. पंप बंद केल्यावर गेजचा काटा दहा मिनिटं तरी जागचा हलता कामा नये. हलला तर अजून कुठेतरी लीक आहे.

मग गॅस वजनावर भरून घे. छोट्या गाडीला साधारण अर्धा किलोच्या आसपास लागतो. नेमका आकडा बॉनेटखालच्या स्टिकरवर असतो. जास्त भरला की जास्त गार होतं असं मुळीच नाही. उलट प्रेशर वाढतं, गारवा कमी होतो आणि कॉम्प्रेसरवर ताण येतो. तुझ्या गाडीत आर-१३४ए आहे. नव्वदच्या दशकातल्या जुन्या मारुतीत आर-१२ असायचा, त्या गाडीत तेल आणि ड्रायर न बदलता हा गॅस घालायचा नसतो. स्वस्तात मिळतो म्हणून स्वयंपाकाच्या गॅसच्या जातीचं काही भरू देऊ नकोस, ते पेट घेतं. आणि नळी स्वतः उघडायला जाऊ नकोस. हा गॅस बाहेर येताना इतका गार असतो की डोळ्यांना कायमची इजा होऊ शकते.

आर-१३४ए हवेत गेला की वजनाला वजन कार्बन डायऑक्साइडच्या हजारपटीहून जास्त उष्णता धरतो. दरवर्षी भरून दरवर्षी गळू देणं मला म्हणूनच पटत नाही, पैसे जातात ते वेगळेच.

पावसाळ्या-हिवाळ्यातही आठवड्यातून एकदा दहा मिनिटं एसी लावत जा, तेल फिरून सील ओलं राहतं. आणि लीक न बघताच कुणी गॅसची नळी जोडायला लागला, तर गाडी काढ आणि सरळ दुसऱ्याकडे जा.