नकार आणि सेवा : आरोग्यसेवकाची सदसद्विवेकबुद्धी



आपल्यापैकी कोणी जिल्हा रुग्णालयात सिस्टर आहे, कोणी तुळजापूर-उमरग्याच्या खाजगी दवाखान्यात, कोणी उपकेंद्रावर एएनएम, तर कोणी आपल्याच गावात आशाताई. या सर्वांपुढे कधी ना कधी एक प्रश्न उभा राहतो : ड्युटीवर असताना गर्भपाताच्या केसला मदत करण्यास सांगितले, तर ख्रिस्ती माणसाने काय करावे? नकार देता येतो का? आणि दिला तर नोकरीचे काय? या पाठात आपण हाच प्रश्न समजून घेऊ या.

ख्रिस्तसभेची शिकवण

निर्गमाच्या पहिल्या अध्यायात शिप्रा आणि पुवा या दोन सुईणींची हकिकत आहे. इब्री स्त्रियांना झालेले मुलगे मारून टाकावेत, अशी फारोची आज्ञा होती. या सुईणींनी देवाचे भय धरले आणि बालकांना जगू दिले. सरकारी हुकमापुढे आरोग्यसेवकाने दिलेला हा पवित्र शास्त्रातील पहिला नकार होय.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली शिकवले की, सदसद्विवेकबुद्धी हे माणसाच्या अंतःकरणातील पवित्र स्थान आहे; तेथे तो देवाबरोबर एकटा असतो. पोप दुसरे जॉन पॉल यांनी २५ मार्च १९९५ रोजी ‘जीवनाचे शुभवर्तमान’ हे परिपत्रक दिले. त्यात ते स्पष्ट सांगतात की, गर्भपातात सहभागी होण्यास नकार देणे हे ख्रिस्ती माणसाचे कर्तव्य तर आहेच, शिवाय तो त्याचा मूलभूत हक्कही आहे आणि असा नकार देणाऱ्याला शिक्षा किंवा नुकसान सोसावे लागू नये.

कायदा काय म्हणतो?

येथे आपण स्वतःची फसवणूक करून घेऊ नये. आपल्या देशात वैद्यकीय गर्भपाताचा कायदा १९७१ साली झाला आणि १ एप्रिल १९७२ पासून तो लागू झाला. २०२१ च्या दुरुस्तीनंतर वीस आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरच्या मताने आणि ठरावीक प्रकरणांत चोवीस आठवड्यांपर्यंत दोन डॉक्टरांच्या मताने गर्भपात करता येतो. अटी पाळून गर्भपात करणारा डॉक्टर गुन्हेगार ठरणार नाही, अशी या कायद्याची भाषा आहे. प्रत्येक डॉक्टरने तो केलाच पाहिजे, असे तो म्हणत नाही. पण विवेकाच्या कारणावरून नकार देणाऱ्याला संरक्षण देणारे कलमही त्यात नाही. इंग्लंडच्या १९६७ च्या कायद्यात असे कलम आहे.

उलट, डॉक्टरांच्या आचारसंहितेच्या २००२ च्या नियमांत म्हटले आहे की, वैद्यकीय कारण असताना केवळ धर्माच्या कारणावरून डॉक्टरने गर्भपातास नकार देऊ नये. आपण त्या कामास सक्षम नाही असे त्याला वाटत असेल, तर गोष्ट वेगळी. २०२३ साली नवे नियम आले, परंतु ते त्याच महिन्यात स्थगित होऊन २००२ चेच नियम पुन्हा लागू झाले. राज्यघटनेचे २५ वे कलम सदसद्विवेकबुद्धीचे स्वातंत्र्य देते. मात्र ते सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता व आरोग्य यांच्या अधीन आहे. म्हणजेच आपल्या देशात ख्रिस्ती डॉक्टर किंवा नर्स नकार देते, तेव्हा ती किंमत मोजण्याच्या तयारीने देते. असे संरक्षण कायद्यात यावे, म्हणून सनदशीर मार्गाने मागणी करणे हे आपणा सर्वांचे काम आहे. ते एकट्या नर्सवर सोपवून चालणार नाही.

जेथे कायदाच नकार मागतो

एका बाबतीत मात्र कायदा आणि विवेक एकच बोलतात. गर्भलिंग तपासून मुलीचा गर्भ पाडणे हा गुन्हा आहे. गर्भलिंगनिदानाला बंदी घालणारा कायदा १९९४ चा आहे. तरीही आपल्या शेजारच्या बीड जिल्ह्यात, परळी येथे, २०१२ साली डॉ. सुदाम मुंडे यांच्या रुग्णालयात गर्भपाताच्या वेळी एका महिलेचा मृत्यू झाला. २०१९ मध्ये न्यायालयाने त्यांना दहा वर्षांची शिक्षा दिली. २०१७ साली सांगली जिल्ह्यातील म्हैसाळला असेच प्रकरण उघडकीस आले. महाराष्ट्रात सहा वर्षांखालील दर हजार मुलांमागे २००१ च्या जनगणनेत ९१३ मुली होत्या. २०११ मध्ये त्या ८९४ राहिल्या.

असे काम एकट्या डॉक्टरच्या हातांनी होत नाही. कोणी पेशंट आणून पोहोचवते, कोणी हत्यारे मांडते, कोणी रजिस्टर लिहिते, कोणी पाहूनही गप्प बसते. यांतील एकाने जरी “माझ्याकडून हे होणार नाही” असे म्हटले, तरी एखादा जीव वाचू शकतो.

नकाराची मर्यादा

आता दुसरी बाजूही प्रामाणिकपणे पाहिली पाहिजे. बेळगावच्या सविता हलप्पनवार या ३१ वर्षांच्या दंतवैद्य आयर्लंडमध्ये राहत होत्या. सतराव्या आठवड्यात त्यांचा गर्भ वाचणार नाही हे स्पष्ट झाले होते. त्यांनी गर्भपाताची विनंती केली. परंतु बाळाच्या हृदयाचे ठोके चालू आहेत, म्हणून ती नाकारण्यात आली. अंगात जंतुसंसर्ग पसरून २८ ऑक्टोबर २०१२ रोजी त्यांचा मृत्यू झाला. त्यांच्या प्रकृतीवर नीट लक्ष ठेवले गेले नाही, असे नंतरच्या चौकशीत आढळले.

तो नकार त्या देशाच्या कायद्यामुळे होता, एखाद्या नर्सच्या विवेकामुळे नव्हता. तरीही धडा आपल्यासाठी आहे. विवेकाचे नाव घेऊन आईला वाऱ्यावर सोडणे हे पाप आहे. आईच्या जिवावर बेतलेला आजार बरा करण्यासाठी दिलेल्या उपचारात बाळ दगावले, पण ते मारणे हा हेतू नव्हता, तर ख्रिस्तसभा त्याला गर्भपात मानत नाही. नकार एका कृतीला असतो, त्या स्त्रीला नव्हे.

व्यवहारात काय करावे?

नोकरीवर रुजू होतानाच आपली अडचण वरिष्ठांना नम्रपणे व लेखी सांगावी. ऐन वेळी, पेशंट टेबलावर असताना नव्हे. त्याबदल्यात रात्रपाळी किंवा जास्तीचे काम करण्याची तयारी दाखवावी. पेशंटशी खोटे बोलू नये, तिचे कागद अडवू नयेत, तिला टाकून बोलू नये. रक्तस्राव होत असेल, ताप असेल, तर ती कशामुळे या अवस्थेत आली हे न विचारता सेवा करावी. तिचे नाव बाहेर सांगू नये. २०२१ च्या दुरुस्तीनुसार तो गुन्हा आहे आणि चर्चच्या अंगणात कुजबुजणे हेही त्यातच आले.

यापूर्वी कोणाचा अशा कामात हात लागला असेल, तर त्यांनी निराश होऊ नये. पोप फ्रान्सिस यांनी २०१६ साली या पापाची क्षमा देण्याचा अधिकार सर्व धर्मगुरूंना दिला. दार उघडे आहे.

आणि आपण बाकीचे? नकार दिल्यामुळे एखाद्या भगिनीची नोकरी गेली, तर तिच्या घरची चूल पेटती ठेवण्याची जबाबदारी आपली आहे. अडचणीत सापडलेल्या गरोदर मुलीला नावे ठेवण्यापेक्षा आपण तिला आधार दिला, तर तिच्यावर गर्भपाताची वेळच येणार नाही.

समूहात विचार करण्यासाठी

१. आपल्या धर्मग्रामातील नर्स, डॉक्टर व आशाताईंना हा प्रश्न कधी पडला आहे का? त्यांना आपण विचारले आहे का?

२. नकार आणि हेटाळणी यांत फरक कोणता?

३. आपल्या वस्तीतील एखाद्या गरोदर स्त्रीला या महिन्यात आपण कोणती मदत करू शकतो?