मालाबरोबर येणारी कीड

परभणी हा कापसाचा आणि ज्वारीचा जिल्हा. येथील काळ्या जमिनीत पिकलेला कापूस दूरदूरच्या बाजारपेठांत जातो. परंतु व्यापाराची वाट एकेरी नसते. परदेशांतून बियाणे, रोपे, फळे आणि लाकूड आपल्याकडे येते, तेव्हा त्यांच्या आडोशाने एखादी कीडही येऊ शकते. सालीखालची अंडी किंवा पानामागची पिले सहजासहजी दृष्टीस पडत नाहीत. त्या किडीवर जगणारे तिचे नैसर्गिक शत्रू मात्र मायदेशीच राहतात. नव्या भूमीत तिची बेसुमार वाढ होते, ती प्रामुख्याने यामुळेच.

वेशीवर अडविलेला शत्रू

कापसाच्या बोंडांचा नाश करणारा सोंड्या भुंगा १८९२ च्या सुमारास मेक्सिकोतून अमेरिकेच्या टेक्सास राज्यात शिरला आणि पुढे तेथील कापूस उत्पादकांचे त्याने अतोनात नुकसान केले. हे संकट आपल्याकडे येऊ नये म्हणून १९०६ मध्ये परदेशी कापसाच्या गाठींना धुरी देण्याची सक्ती करण्यात आली. १९१४ मध्ये अशा किडींना प्रतिबंध करणारा कायदाही झाला. या भुंग्याने आजवर भारतात मूळ धरलेले नाही. आज २००३ च्या वनस्पती संगरोध आदेशानुसार बियाणे व रोपे आणण्यास परवाना आणि तपासणी आवश्यक असते.

नजर चुकवून आलेली कीड

पिठ्या ढेकणाने मात्र हा पहारा चुकविला. कपाशीवरील ही कीड मूळची उत्तर अमेरिकेची. २००५ नंतरच्या काही हंगामांत पंजाबपासून महाराष्ट्रापर्यंत तिने कपाशीला ग्रासले. ती झाडातील रस शोषते. तिच्या चिकट स्रावावर काळी बुरशी वाढते आणि झाड खुरटते. अंगावरील मेणचट पिठामुळे फवारलेले औषध तिच्यापर्यंत नीट पोहोचत नाही. एक मादी शेकडो पिलांना जन्म देते. ही पिले वारा, पाणी, मुंग्या, अवजारे आणि माणसांचे कपडे यांमार्फत एका शेतातून दुसऱ्या शेतात जातात.

कपाशी नसते तेव्हा ही कीड बांधावरच्या गाजरगवतावर तग धरते. १९५५ च्या सुमारास पुण्यात नजरेस आलेले हे गवत आयात गव्हाबरोबर पसरले, असे मानले जाते. एका परदेशी पाहुण्याने दुसऱ्याला आसरा दिला, तो असा!

पुढे एक चिमुकली परोपजीवी माशी या किडीवर उपजीविका करताना आढळली. २००९ मध्ये शास्त्रज्ञांनी तिची नोंद केली. तिने ग्रासलेले ढेकूण तपकिरी व टणक होतात. असे ढेकूण दिसत असताना सरसकट फवारणी करणे म्हणजे आपल्याच मित्राचा घात करणे होय.

अमेरिकन लष्करी अळीचा प्रवास तर याहून वेगवान ठरला. २०१६ मध्ये आफ्रिकेत प्रथम आढळलेली ही अळी मे २०१८ मध्ये कर्नाटकात आणि त्याच वर्षी महाराष्ट्रात पोहोचली. ती मक्याबरोबर ज्वारीवरही पडते. तिचा पतंग एका रात्रीत शंभर किलोमीटरपर्यंत जाऊ शकतो. अशा किडीला एकदा प्रवेश मिळाला की जिल्ह्याची वा राज्याची सीमा तिला रोखू शकत नाही.

गावाचा पहारा

बंदरावरील तपासणी ही पहिली वेस. दुसरी वेस गावाची. वेचणी संपताच पऱ्हाट्या उपटून त्यांची विल्हेवाट लावावी. त्या बांधावर रचून ठेवू नयेत. ग्रामपंचायतींनी रस्त्याकडेचे व पडीक जागेतील गाजरगवत फुलोऱ्यापूर्वी काढण्याची मोहीम घ्यावी. शिक्षकांनी विद्यार्थ्यांना शेतातील मित्रकीटक ओळखावयास शिकवावे. परदेशातून येणाऱ्या आप्तांनी विनापरवाना बियाणे वा कलमे आणू नयेत, हेही आवर्जून सांगावे.

अनोळखी कीड दिसल्यास तिचा नमुना बंद बाटलीत ठेवून कृषी सहायकास दाखवावा. परभणी येथे १९७२ पासून कार्यरत असलेल्या कृषी विद्यापीठाचे तज्ज्ञ जवळच आहेत. कीड एका शेतात असताना मिळालेली सूचना संबंध तालुक्याचा हंगाम वाचवू शकते. तीच सूचना महिनाभर उशिरा आली, तर शेतकऱ्याच्या पदरी केवळ फवारणीचा खर्च उरतो.