शुक्रवारच्या वर्गातला डिप्लोमा

अल ऐनच्या सनाइयात, म्हणजे औद्योगिक भागात, पंप आणि चिलर दुरुस्त करणारा सांगली जिल्ह्यातला एक फिटर डिप्लोमा देणाऱ्या एका सेंटरचा विषय निघाला की आजही तडकतो. पंप-मोटरचे अलाइनमेंट डायल गेज लावून तो एकटा जुळवतो, नुसत्या आवाजावरून बेअरिंग गेल्याचे सांगतो. पण व्हिसावर ‘मेकॅनिकल टेक्निशियन’ व्हायचे तर हातातली कला पुरत नाही. अमिरातीच्या कामगार मंत्रालयाच्या वर्गवारीत टेक्निशियन तिसऱ्या पातळीवर येतो. तिथे साक्षांकित डिप्लोमा लागतो आणि कुशल कामगार म्हणून गणले जायला महिना किमान ४,००० दिरहम पगार असावा लागतो.

२०१८ मध्ये शारजातल्या त्या सेंटरने त्याला गाठले. समोरचा माणूस मराठीच. ‘भाऊ, दीड वर्षात डिप्लोमा. वर्ग फक्त शुक्रवारी, परीक्षेला गावी जायला नको. युनिव्हर्सिटी युजीसीची आहे, बिनधास्त राहा.’ आठवड्याची एकुलती एक सुट्टी तो त्या वर्गावर घालवू लागला. वर्गात लेथ नव्हता, ड्रॉइंग बोर्ड नव्हता, मायक्रोमीटरसुद्धा नव्हता. होत्या त्या फक्त झेरॉक्स नोट्स.

प्रमाणपत्र आले, कंपनीने साक्षांकन मागितले, आणि तिथे सगळे अडले. अमिरातीसाठी ॲपोस्टिल, म्हणजे एकाच शिक्क्याचे आंतरराष्ट्रीय साक्षांकन, चालत नाही. आधी राज्य सरकार, मग परराष्ट्र मंत्रालय, मग अमिरातीचा दूतावास किंवा वाणिज्य दूतावास आणि शेवटी तिथले परराष्ट्र खाते, असा तो प्रवास. शिवाय राज्याचा शिक्का आपल्या गावच्या नव्हे, तर प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेच्या राज्यात मिळतो. त्याचा कागद या पहिल्याच पायरीवरून परत आला: अभ्यासक्रमाला एआयसीटीईची, म्हणजे अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेची, मान्यता नाही.

सेंटरवाल्याचे उत्तर त्याला तोंडपाठ आहे. ‘सर्टिफिकेट देणं आमचं काम. पुढचं तुमचं तुम्ही बघा.’ कालपर्यंतचा भाऊ त्या दिवशी ‘मिस्टर’ झाला. पैसे परत मिळाले नाहीत, फोन उचलणे बंद झाले.

त्याचा राग रास्त आहे, कारण ३ नोव्हेंबर २०१७ लाच सर्वोच्च न्यायालयाने या धंद्याबद्दल निकाल दिला होता. एआयसीटीईच्या मान्यतेशिवाय काही अभिमत विद्यापीठांनी पत्रद्वारा दिलेल्या अभियांत्रिकी पदव्यांवर न्यायालयाने टाच आणली होती. वर्गाची फी घेणाऱ्यांना हे ठाऊक नव्हते यावर कोण विश्वास ठेवील? ‘युजीसीची युनिव्हर्सिटी’ हे वाक्य खरे असूनही फसवे ठरते ते इथेच. विद्यापीठ मान्य असले म्हणून तिथला प्रत्येक तांत्रिक अभ्यासक्रम मान्य होत नाही.

याहून जास्त त्याला दुसरीच गोष्ट टोचते. दहावीनंतर दोन वर्षांचा फिटर आयटीआय केलेल्या मुलाला महाराष्ट्रात डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो. मिरजेचे शासकीय तंत्रनिकेतन त्याच्याच जिल्ह्यात, पण हे त्याला ना आयटीआयमध्ये कुणी सांगितले, ना व्हिसा काढून देणाऱ्या एजंटने. नोकरी करणाऱ्यांसाठी २०२३-२४ पासून एआयसीटीईने सोयीच्या वेळेचे वर्ग मंजूर केले आहेत. मात्र कामाचे ठिकाण संस्थेच्या आसपास हवे, त्यामुळे आखातात बसलेल्याला त्याचा उपयोग नाही.

आता अल ऐनमध्ये कुणी नवा पोरगा भेटला की तो त्याला बजावतो. पैसे देण्याआधी एआयसीटीईच्या यादीत संस्थेचे नाव, अभ्यासक्रम आणि वर्ष, तिन्ही स्वतः बघ. कुणी यादीचा फोटो दाखवला तर तो धरू नकोस. महाराष्ट्रातला डिप्लोमा असेल तर गुणपत्रिकेवर सहसा तंत्रशिक्षण मंडळाचे नाव असते, तेही बघ. पावतीवर सेंटरचेच नाव असेल तर तिथूनच माघारी फिर. साक्षांकन गावाकडे असतानाच उरकून घे; इथून कुरिअर, मुखत्यारपत्र आणि दलाल, तिन्हींचा खर्च बसतो. इंग्रजी सुधार, मेहनत कर, हेही तो सांगतो, पण घाईघाईत. सहाही सत्रांच्या गुणपत्रिका जपून ठेवायला मात्र दोनदा सांगतो, कारण पडताळणीच्या वेळी नुसत्या अंतिम प्रमाणपत्रावर भागेलच असे नाही.